पुढची तार, मागची तार

“सर, यात वाऱ्याचा काही दोष नाही. दोष करडे मिस्त्रींच्या जोडकामाचा आहे.”

एवढं बोलून मी केळुसकर सरांच्या टेबलावर हातभर लांब कागद पसरला. छिद्रांच्या कडांचा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून निघालेला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाशी धरला. आलेखाची रेघ बराच वेळ खुरट्या गवतासारखी चालली होती, आणि मधूनच एखादा एरंड उगवावा तशी एकदम उंच उसळी. पुन्हा गवत. पुन्हा बऱ्याच अंतरानं दोन उसळ्या, एकीला एक लागून.

“कशावरून?” सरांनी विचारलं.

“वारा असा वागतो का? इतका वेळ गप्प, मग एकदम अंगात आल्यासारखा, मग परत गप्प? तारेचा जोड सैल असला की असं होतं. वर्षभर मी हे खडे वेचून टाकतेय. त्यासाठी प्रोग्रॅमच लिहिलाय. ‘झाडू’ नाव ठेवलंय त्याचं. ठरावीक उंचीच्या वर गेलेली नोंद दिसली की उडवायची.”

“आणि झाडून झाल्यावर?”

“कुठल्या उंचीची नोंद किती वेळा आली त्याचा आलेख सुरेख येतो. घंटेच्या आकाराचा. पुस्तकात आहे तस्सा.”

“पुस्तकात आहे तस्सा,” सर म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला तेव्हा कळलं नाही. कळायला पाहिजे होतं.

ही १९८९ची गोष्ट. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडी करत होते. नाव मृदुला, पण जीभ अशी की वसतिगृहातल्या मुली मला ‘मिरची’ म्हणायच्या. आमच्याकडे वाऱ्याचा बोगदा होता. बोगदा म्हणजे एक लांबलचक लाकडी पेटी. एका टोकाला मोठा पंखा, मध्ये एक जाळी. जाळीतून वारा गेला की तो घुसळला जातो, भोवऱ्यांत भोवरे तयार होतात. त्या घुसळणीचा वेग क्षणाक्षणाला मोजायचा आणि त्या नोंदींतून तिचा स्वभाव शोधायचा, हे माझं काम. दोन लागोपाठच्या नोंदींत किती फरक पडला ते काढायचं आणि त्या फरकांचा आलेख करायचा. तोच सरांच्या टेबलावर पडला होता.

वेग मोजायला तार लागते. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी बारीक टंगस्टनची तार, दोन सुयांच्या टोकांमध्ये डाख देऊन बसवलेली. वीज सोडून ती तापवायची. वारा लागला की ती निवते, आणि किती निवली त्यावरून वाऱ्याचा वेग कळतो. ही तार नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, जवळ जाऊन फुंकर मारली तर तुटते. संस्थेतली अशी प्रत्येक तार गेली बावीस वर्षं करडे मिस्त्री बसवत होते. उत्तरेच्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं. त्या टेबलाला संचालकसुद्धा हात लावत नसत.

“तक्रार असेल तर लेखी दे,” सर म्हणाले.

दहा मिनिटांत मी टाईप करून दिली. ‘श्री. करडे यांचा हात थरथरतो, हे मी स्वतः पाहिले आहे. तारा परदेशातून मागवाव्यात.’ पाहिलं होतंच. गणपतीच्या चहाला त्यांच्या हातातली बशी वाजत होती, ते मी ध्यानात ठेवलं होतं. आवक विभागातल्या बाईंनी अर्जावर शिक्का मारला.

सरांनी तो वाचला आणि म्हणाले, “शनिवारी खरेदी समिती बसतेय. तारा परदेशातून मागवायच्या म्हणतेस तर तसं त्यांच्यापुढे ठेवू. मग करड्यांना त्या टेबलावर ठेवण्यात अर्थ नाही, स्टोअरला पाठवावं लागेल. वर्ष राहिलंय निवृत्तीला.” त्यांनी अर्ज फाईलला लावला. “पण शनिवारपर्यंत मला पुरावा पाहिजे, मृदुला. मत नको.”

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, करडे स्वतःच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. खाकी कोट, कोटाच्या खिशात दोन्ही हात. माणूस बुटका, बोलणं मोजकं.

“ताई, तुम्ही लेखी दिलंत असं ऐकलं.”

“दिलं.”

“ठीक केलंत. आधी मला बोलला असतात तर जास्त ठीक झालं असतं.”

माझे कान तापले. मी काही तरी कागद चाळायला लागले.

“पुरावा कसा काढणार?” त्यांनी विचारलं.

मी तारखांची यादी करणार होते. कुठल्या दिवशी कुठली तार, कितीदा उसळी. ती मी त्यांना दाखवली. त्यांनी मान हलवली.

“यातून काय कळणार? उसळी आली एवढंच कळेल. कुणाची ते कळणार नाही. असं करा, दोन तारा लावा. एक पुढं, एक तिच्या मागं चार मिलिमीटरवर. मागची केसभर बाजूला, म्हणजे पुढचीची सावली तिच्यावर पडायची नाही. नदीला ओंडका वाहत आला तर वरच्या घाटावर आधी दिसतो, खालच्या घाटावर मागून. उसळी वाऱ्याची असेल तर दोघींना लागेल, आधी पुढचीला, मग मागचीला. एकीलाच लागली तर माझी.”

इतकी साधी गोष्ट वर्षभरात मला सुचली नव्हती, सातवी शिकलेल्या माणसाला उभ्याउभ्या सुचली. त्याचा राग मी त्यांच्यावरच काढला.

“मग करा दोन तारा. आत्ता, इथं, माझ्यासमोर.”

“इथं नाही जमायचं. रस्त्यावरून ट्रक जातात, टेबल हलतं.”

“बावीस वर्षं ट्रक जात नव्हते?”

हात खिशातून बाहेर आले नाहीत. “शुक्रवारी सकाळी दोन तारा तुमच्या टेबलावर ठेवतो,” एवढं म्हणून ते गेले.

बुधवारी दुपारी त्यांनी अर्धी रजा टाकली. मला तर खात्रीच पटली. हातच्या काकणाला आरसा कशाला! माणूस पळतोय. दोन तारा बाजारातून तर मिळत नाहीत, मग कुठून आणणार? कुणाकडून करून घेणार? गुरुवारी आमच्या भागात वीज नसायची, बोगदा आणि वर्कशॉप दोन्ही बंद. मी रजिस्टरमधून त्यांचा पत्ता उतरवून घेतला, लुना काढली आणि थेट तांबट आळी गाठली.

आळीत शिरलं की आधी ठोके ऐकू येतात. पातेली, घंगाळी, बंब, सगळ्यांवर एका लयीत हातोडी चालू असते. करड्यांचे वडील याच आळीतले तांबट. विचारत विचारत मी एका जिन्यानं वर गेले. दार उघडंच होतं.

खिडकीशी पाटावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर कमरेला खोचलेला. समोर चौरंग, चौरंगावर सूक्ष्मदर्शक. त्याच्या पायावर पांढऱ्या रंगानं घातलेला आमच्या संस्थेचा नंबर मी दारातूनच वाचला. बाईंच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्यात डाख द्यायची पेन्सिलीएवढी डाखणी. त्यांनी मान वर न करता डावा हात उचलला, म्हणजे थांब. मी थांबले. त्यांचा श्वास थांबला होता आणि बघता बघता माझाही थांबला. मग डाखणी टेकली, उचलली. बाईंनी श्वास सोडला.

“या. बसा. वारा आला असता दारातून, म्हणून थांबवलं.”

“हे... तुम्ही करता?”

“चौदा महिने झाले.” त्यांनी मला नीट पाहिलं. “तुम्ही त्या ताई का? ज्यांच्या आलेखात खोड निघाली?”

मी मान हलवली.

“मग बरंच झालं आलात ते. मी नथी ओवते. लग्नाआधीपासून ओवते, माहेरी तोच धंदा. सोन्याची तार, बसऱ्याचे मोती, राईएवढे. गेल्या साली यांच्या हाताला कंप सुरू झाला. एक तार बसवायला सकाळची संध्याकाळ व्हायची, बसली तर बसली. रोज घरी येऊन जेवायचे नाहीत. मी म्हटलं, आणा इकडे, बघू तरी काय आहे एवढं. पहिल्या दिवशी सात तोडल्या. आठवी बसली.” त्यांनी चिमटा पुसून ठेवला. “माझ्या तारेत खोट असेल तर मला सांगा. यांच्या माथी नका मारू. ते काही बोलायचे नाहीत, आणि मला ते बघवायचं नाही.”

मला पाहिजे होता तो पुरावा समोर चौरंगावर होता. एक वाक्य पुरलं असतं. सरकारी उपकरण घरी, काम बायकोकडून. नुसतं टेबल नाही, करड्यांची उरलेली नोकरीच गेली असती. आणि मी ते वाक्य बोलू शकणार नव्हते, कारण त्या बाईंनी श्वास धरलेला मी पाहिला होता.

“तुमच्या दोन झाल्या का?” मी कसंबसं विचारलं.

“एक डबीत आहे. ही दुसरी.”

डबी नथीचीच होती. लाल मखमलीची, आत कापूस. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. करडे हातात औषधाची पुडी घेऊन दारात आले, मला बघितलं आणि तिथंच थबकले. त्यांचा चेहरा उतरला. पुडी त्यांच्या हातात कागदाचा आवाज करत हलत होती.

“आता हेही लिहा, ताई,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता, ते जास्त लागलं.

“मी फक्त तारा न्यायला आले होते,” मी म्हटलं. “उद्या तुम्ही आणताच आहात. येते मी.”

वत्सलाबाईंनी, म्हणजे करड्यांच्या बायकोनं, मला कुंकू लावल्याशिवाय सोडलं नाही. ज्या पोरीनं आपल्या नवऱ्यावर शिक्क्याचा कागद ठोकला तिला! लुनावर बसल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

शुक्रवारी सकाळी नऊला डबी माझ्या टेबलावर होती. करड्यांनी तारा बोगद्यात बसवायला मदत केली. म्हणजे ते सांगत होते आणि मी बसवत होते. दोघांनीही त्याचा उल्लेख केला नाही. एक पुढं, एक मागं. पंखा सुरू केला. दोन्ही तारांच्या नोंदी एकाच वेळी कॉम्प्युटरमध्ये घेतल्या, सेकंदाला दहा हजार. झाडू मुद्दाम बंद ठेवला. दुपारी एक वाजता दोन कागद प्रिंटरमधून बाहेर आले. एकावर मी पेन्सिलीनं ‘पुढची’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘मागची’, आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले.

पुढचीला उसळी. चार नोंदींनंतर मागचीला तीच उसळी. पुढचीला जोडउसळी, एकीला एक लागून. चार नोंदींनंतर मागचीला तशीच जोड. मी मोजत गेले. पुढच्या तारेच्या एकशे बेचाळीस उसळ्यांपैकी एकशे एकोणचाळीस मागच्या तारेवर बरोबर तेवढ्याच उशिरा आल्या होत्या. दोन वेगळ्या तारांचे जोड एकाच क्षणी, तेही रांगेनं, सैल होत नसतात. ओंडका खरा होता. वाराच तसा होता, बराच वेळ गप्प आणि मग एकदम अंगात आल्यासारखा.

“ताई, काय निघालं?” करडे मागं उभे होते.

“तारा चांगल्या आहेत,” मी म्हटलं. “माझा झाडू वाईट आहे.”

त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला टेकले. थोड्या वेळानं म्हणाले, “हिला सांगितलं पाहिजे.”

मी कागद घेऊन सरांकडे धावले. सरांनी अर्धा तास ते बघितले. एकदा मध्येच उठून पाणी प्यायले.

“ह्या तीन?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, सर.”

“एखादी गिरकी दुसरीच्या बाजूनं निघून गेली असेल. वारा नाकासमोर चालतो असं कुणी सांगितलं?” मग ते माझ्याकडे वळले. “मृदुला, वर्षभर तू काय केलंस कळतंय ना? घुसळलेल्या वाऱ्याचा सगळा जोर ह्या उसळ्यांत आहे. बाकी गवत कुणीही मोजेल. आपण जे शोधत होतो तेवढंच तू नेमानं झाडून बाहेर टाकत होतीस. मूळ नोंदी आहेत?”

नव्हत्या. डिस्का कमी, म्हणून झाडलेल्या ठेवून मूळ पुसल्या होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. वाकडं अंगण मी टाईप करून, शिक्का मारून दिलं होतं. वर्षभराचं काम पाण्यात गेलं, परिषदेला पाठवलेला निबंध मागं घ्यावा लागणार होता. मी मान खाली घातली.

“असू दे. पुन्हा मोजू,” सर म्हणाले, आणि हसले. सर असे हसलेले मी कधी पाहिले नव्हते. “पण ह्या तारा बघ! दोन तारा, इतक्या एकसारख्या! परदेशात मिळणार नाहीत. उद्या समितीला इथंच घेऊन येतो. करडे त्यांच्यासमोर बसून एक तार करून दाखवतील. बावीस वर्षं त्या माणसाचं कुणी नावसुद्धा घेतलं नाही. जा, सांग त्यांना.”

समितीसमोर करड्यांना हात खिशाबाहेर काढावे लागणार होते. मी आरोप केला तेव्हा करड्यांचं टेबल जाणार होतं. आरोप खोटा ठरला, तर आता नोकरी जायची वेळ आली.

करडे टेबल पुसत होते. मी सगळं सांगितलं आणि घाईघाईनं म्हटलं, “मी काहीतरी करते. डाखणी बिघडली म्हणते. तार संपली म्हणते. सोमवारवर ढकलू, मग सर विसरतील.”

“नको, ताई.”

“अहो, नोकरीचा प्रश्न आहे. वर्षच राहिलंय.”

ते बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिले. ती नीट बसत नव्हती.

“तुम्ही तक्रार केलीत तेव्हा मी गप्प बसलो. दोष माझ्या नावावर घेणं मला जमत होतं. त्यात हिला काही तोशीस नव्हती. पण उद्या साहेब चार लोकांत कौतुक करणार. तारा हिच्या. ते कौतुक मी कसं घेऊ? घरी जाऊन तिच्या हातचं जेवू कसा?”

डाखणी बिघडली असं मी सरांना सांगितलं नाही.

शनिवारी अकराला समिती आली. केळुसकर सर, वर्कशॉपचे प्रमुख दामले आणि प्रशासनाच्या एक बाई. करडे दारातून आत आले ते एकटे नव्हते. मागं वत्सलाबाई, नेसूला जांभळी इरकल, हातात सूक्ष्मदर्शक लेकरासारखा धरलेला.

“साहेब,” करडे म्हणाले, “माझा हात चौदा महिन्यांपूर्वी गेला. कंपवात आहे. तेव्हापासून सगळ्या तारा हिनं घरी बसवल्यात. हा सूक्ष्मदर्शक मी न विचारता नेला होता. तो परत आणलाय. जी शिक्षा असेल ती माझी आहे. काम हिचं आहे.”

त्यांनी हात खिशातून काढले आणि पुढं धरले. सगळ्यांनी पाहिले. दामले आधी सावरले.

“करडे, सरकारी उपकरण घरी? बाहेरच्या माणसाकडून काम? नियम माहीत आहेत ना?”

“माहीत आहेत.”

“बाहेरचं माणूस म्हणजे मीच ना?” वत्सलाबाई म्हणाल्या. “मग बसू का? करून दाखवायचं होतं ना एक? पंखा बंद करा. आणि दार लावून घ्या.”

दामल्यांनीच उठून पंखा बंद केला. बाई बावीस वर्षांच्या त्या टेबलाशी बसल्या. करडे त्यांच्या उजव्या हाताला उभे राहून एकेक वस्तू पुढं सरकवत होते. आधी सुया, मग चिमटा, मग डाखणी, न मागता. पाच माणसं त्या खोलीत श्वास धरून उभी होती. पहिली तार तुटली. “होतं असं,” बाई म्हणाल्या. दुसरी बसली.

समितीनं आत जाऊन तासभर चर्चा केली. सरांनी नंतर मला त्यातलं थोडं सांगितलं. दामले नियमावर अडून बसले होते, आणि त्यांचं चूक नव्हतं. करड्यांना ताकीद मिळाली आणि सोमवारपासून स्टोअरमध्ये बदली. नोकरी मात्र राहिली. मग तारांचं काय, असा प्रश्न निघाला तेव्हा सर म्हणाले, “आपण तारा बाहेरून घ्यायचं ठरवत होतो. बाहेरून म्हणजे परदेशातूनच, असं कुठं लिहिलंय?” प्रशासनाच्या बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुढची सहा वर्षं आमच्या तारा तांबट आळीतून मखमलीच्या डबीत येत होत्या.

माझा अर्ज परत मागायला गेले तर आवक विभागातल्या बाई म्हणाल्या, शिक्का पडला की परत मिळत नाही. मी दुसरा अर्ज दिला. त्यात लिहिलं की दोष तारांत नव्हता, माझ्या पद्धतीत होता. तो पहिल्याला टाचून ठेवला.

समिती गेल्यावर करडे आपलं टेबल आवरायला लागले. खण उघडून बारीकसारीक हत्यारं एका पिशवीत भरत होते. वाईट मलाच वाटत होतं असं नाही, पण ते घडवून मी आणलं होतं. मी दोन्ही आलेख आणून वत्सलाबाईंच्या पुढं धरले.

“हे बघा. तुमच्या दोन तारांचं काम.”

बाईंनी आलेख बघितले, मग नवऱ्याकडे बघितलं.

“दोन नाहीत. त्यातली एक यांची आहे.”

करड्यांचा हात खणात थांबला.

“बुधवारी अर्धी रजा घेऊन आले,” बाई मला सांगत होत्या, पण आवाज त्यांच्यासाठी होता. “म्हणाले, शेवटची एकदा बघतो. सगळी दुपार बसले. दहा की अकरा तोडल्या. एक बसवली, आणि बघून म्हणाले, वाकडी आहे, फेकून दे.”

“फेकलीस ना तू ती?” करडे म्हणाले.

“कुठली फेकतेय! भिंगाखाली धरली. कुठं वाकडी होती? मी तीच डबीत ठेवली आणि वर एकच नवी केली.”

“मला सांगितलं नाहीस?”

“तपासणीत नापास झाली असती म्हणजे? मग माझीच म्हणायची होती.”

करडे टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी माझ्या हातातून दोन्ही कागद घेतले. ते थरथरत होते, म्हणून त्यांनी ते खिडकीच्या काचेवर तळहातानं दाबून धरले, मी शुक्रवारी धरले होते तसेच. एका कागदावर ‘पुढची’, एकावर ‘मागची’.

“माझी कुठली?”

“ते मला काय ठाऊक? डबीत दोघी शेजारीशेजारी होत्या. कुठली कुठं लावली ते या ताईंना विचारा.”

मलाही माहीत नव्हतं. मी डबीतून हाताला आली ती आधी उचलली होती. तारा काढताना दोन्ही तुटल्या होत्या, त्या तुटतातच. त्या दोन नोंदी मी पुढं कितीतरी वेळा तपासल्या, प्रबंध झाला, नोकरी लागली, तरी तपासल्या. फरक सापडला नाही.

करडे बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. उसळी आली की बोट थांबायचं, मग पुढं जायचं. शेवटी त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “ताई, यातला एक मला मिळेल का? घरी न्यायला?”

“घ्या ना. कुठला देऊ?”

“कुठलाही,” ते म्हणाले.